नातीचा डिप्लोमा खरा ठरला

जजसाहेबांना एका आजीचे पोटभर आशीर्वाद.

काल तुम्ही निकाल सांगत असताना मध्येच उठून ओरडलेली म्हातारी ती मीच. मी शिकलेली बेताचीच, तुमचं कोर्टातलं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. शेजारी बघते तर आमची डॉक्टरीण, म्हणजे माझी नात, ढसाढसा रडतेय! मला वाटलं, हरलो. म्हणून म्हणाले, "अहो, पोरीनं शिकून पाप केलं का?" वकीलबाई माझा हात ओढत म्हणाल्या, "आजी, खाली बसा, जिंकलोय आपण!" तुम्ही कागद तोंडासमोर धरलात, पण खांदे हलत होते. मी पाहिलं हो.

मग वकीलबाईंनी समजावलं. नातीनं लहान मुलांच्या आजारांचा डिप्लोमा केला तेव्हा त्याला मान्यता होती. डॉक्टरांच्या कौन्सिलनं ती नंतर काढली, म्हणून आधीचं शिक्षण खोटं ठरत नाही, असं तुम्ही म्हणालात. मी तरी दुसरं काय म्हणत होते?

या भांडणापायी दवाखान्यानं तिला मुलांच्या वॉर्डातून काढून नुसतं सह्या करायला बसवलं होतं. घरी यायची ती गप्प. निदान भांडेल तरी, म्हणून मी भाजीत मुद्दाम मीठ विसरायचे. तरी मुकाट्यानं जेवायची.

आज ती परत वॉर्डात गेली. संध्याकाळी दारातूनच ओरडली, "आजी, बघ!" घसा तपासताना एका पोरानं तिचं बोट कचकन चावलं होतं. ते लालबुंद बोट तिनं शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवलं. हळद लावू म्हटलं, तर लावू देईना.

जजना असं पत्र पाठवत नाहीत, म्हणते नात. नसेना का. लिहून तर झालं.

तुमची कोणी नसलेली,
मुलांच्या डॉक्टरणीची आजी