डेअरीची बॅटरी कोण खातंय

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

बॅटरी आज पुन्हा बसली! पंधरा दिवसांत चौथ्यांदा. दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद, दूधवाल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. सेक्रेटरी मोहनराव सगळ्यांदेखत अंजलीला म्हणाले, रात्री मशीन चालू ठेवून जातेस. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर दुसरी बाई बघू.

अंजली माझी बायको. तीन वर्षं त्या मशीनवर आहे. ती म्हणते, रोज बंद करते. मागच्या महिन्यात ती इस्त्री चालू ठेवून लोणी भापकरला लग्नाला गेली होती — हे फक्त इथं लिहून ठेवतो.

बॅटरीतून किती करंट जातो ते आता मीच मोजणार. पणदऱ्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान उगाच नाही टाकलं! चार्जरची शंका नको. दिवाळीत मी स्वतः बनवलाय. बॅटरी भरली की आपोआप बंद होतो.

४ फेब्रुवारी

बॅटरीच्या मायनस वायरीत एक जाड रेझिस्टन्स घातला. करंट गेला की त्यावर चिमूटभर व्होल्टेज पडतं. ते ॲम्प्लिफायरनं पन्नासपट करून काट्यावर दाखवायचं. सोपं!

मशीन घेतं एक अँपिअर. काटा दाखवतो दोन.

मोहनराव म्हणाले, "मीटर बी तुझ्या बायकोवानीच हाय."

५ फेब्रुवारी

जेवता जेवता कळलं. ताट सारून पळालो.

ॲम्प्लिफायरचं ग्राउंड मी बॅटरीच्या क्लॅम्पवरून घेतलं होतं. रेझिस्टन्स तिथून दोन हात लांब! म्हणजे मधल्या वायरीवर पडणारं व्होल्टेजही मी गाढवासारखं मोजत बसलो होतो. दोन पातळ वायरी थेट रेझिस्टन्सच्या दोन्ही पायांवर सोल्डर केल्या. काटा बरोबर एकावर. घरी आलो तर भाजी गार.

६ फेब्रुवारी

वायरमन बिरदेव माझ्या माघारी मदत करून गेला. अर्थिंग जितकं जास्त तितकं चांगलं, हा त्याचा धर्म. बॅटरीचं मायनस आणि मशीनचा पत्रा, दोन्हीला तांब्याची जाड तार बांधून खड्ड्यात सोडली. वर मीठ आणि घागरभर पाणी.

आता मशीन चालू आणि काटा शून्यावर! मोहनराव खूश — मशीन फुकटात चालतंय म्हणे.

करंट रेझिस्टन्सला वळसा घालून बिरदेवच्या तारेनं जातोय, ग्राउंड एकाच जागी पाहिजे, हे पाऊण तास समजावलं. शेवटी पत्र्याची तार कापली. बिरदेव रुसला. चहासुद्धा घेतला नाही.

७ फेब्रुवारी

मशीन चालू — एक. बंद — शून्य. दहा वेळा बघितलं. तरी सकाळी बॅटरी निम्मी उतरलेली.

म्हणजे अंजलीच विसरते. तिला हळूच म्हणालो, माणूस आहे, विसरतं.

"तुमी बी?" म्हणाली. एवढंच. मला लाज वाटली. राग पण आला — काट्यानं सांगितलं, त्याला मी काय करू?

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी डेअरीत सगळे जमले. अंजलीनं मशीन बंद केलं, वर पिन काढून हातात धरली. काटा शून्य. मोहनराव दुसऱ्या बाईचं नाव काढणार, तेवढ्यात लाईट गेली.

आणि काटा उठला! थेट अर्ध्या अँपिअरवर.

पिन अंजलीच्या हातात. तिनं ती मोहनरावांच्या तोंडासमोर धरली. "आता कोण खातंय?"

मोहनरावांनी माझ्याकडं बघितलं. मी काट्याकडं. बिरदेव बॅटरीपाशी बसला, वायर हातात धरली आणि तिच्या मागं मागं भिंतीपर्यंत गेला. तिथं थांबला आणि हसायला लागला.

आज जास्त लिहवत नाही.

९ फेब्रुवारी

चार्जर. पंधरा दिवसांपासून रात्रीची लाईट जाते, आणि लाईट गेली की बॅटरी उलटी त्यातच रिकामी होते. करंट उलटा येऊ न देणारा एक डायोड दिवाळीत घालायचा मी विसरलो.

आज अंजलीनं माझ्या शर्टाला इस्त्री केली. मग बटण बंद केलं, पिन काढली आणि माझ्या हातात आणून दिली.