बेल कुठं वाहू?

वालूर, ६ नोव्हेंबर

चि. शिवकन्येस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

पूर ओसरला. घर, गुरं ठीक. तुझा भाऊ सोमेश्वर तुला सांगायचा नाही, म्हणून मीच लिहितो. दुधनेनं काठ खचवला आणि तुझ्या आईला पुरलं ती शेतातली समाधी नेली, लिंबाच्या झाडासकट. आता शेताकडं पाय वळत नाहीत. पेरणी तशीच राहिलीय. सोमेश्वर म्हणतो, दुसरीकडं दगड मांडू. पण ती तिथं नसताना दर सोमवारचा बेल कुठं वाहू?

तू समुद्रात तेल शोधायलीस म्हणे. वेळेवर जेवत जा. सोमेश्वर या कागदाचा फोटो पाठवील.

तुझे अप्पा

जहाजावरून, १४ नोव्हेंबर

ती. अप्पांना शिवकन्येचा शरणार्थ.

पत्र वाचून खूप रडले. मग कामाला, संगणकाच्या पडद्यासमोर बसले.

अप्पा, गोदावरी समुद्राला मिळते, तिच्या पुढ्यातच आमचं जहाज आहे. आम्ही पाण्यात हवेचे बार उडवतो. आवाज तळाखाली खोल जातो, थराथरांवरून परत येतो आणि त्यावरून चित्र उमटतं. हे थर नदीनं लाखो वर्षं आणलेल्या गाळाचे. दुधना पूर्णेला, पूर्णा आपल्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, आणि गंगा इथं. आई माझ्याकडंच यायला निघालीय. वाटेत धरणं आहेत, वेळ लागेल. पण तिला घाई कधी होती? मानवतच्या बाजाराला निघाली तरी वाटेत चौघींशी बोलल्याशिवाय पुढं सरकायची नाही.

तुमची शिवकन्या

वालूर, २५ नोव्हेंबर

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

सोमवारी बेल दुधनेत सोडला. पानं लांबवर जाताना बघत बसलो. लय बरं वाटलं. उरलेल्या रानात हरभरा पेरला.

एकच काळजी आहे. तुझ्या आईची झोप फार सावध. मांजर गेलं तरी उठून बसायची. आणि तुमी तिथं बार उडवता. तुझ्या साहेबांना माझं नाव सांगून म्हणावं, जरा हळू. हसू नकोस.

अप्पा

जहाजावरून, ३ डिसेंबर

ती. अप्पांना शरणार्थ.

हसले नाही. साहेबांना सांगायचीही गरज पडली नाही, कारण इथं नियमच आहे. पहिला बार अगदी हळू, मग थोडा मोठा, मग त्याहून मोठा. देवमासे, कासवं दचकू नयेत, त्यांना बाजूला व्हायला सवड मिळावी म्हणून.

आज सकाळी समुद्र निवांत होता. सुरू करण्याआधी मी मनात म्हटलं, आई, मीच आहे गं, शिवकन्या. मग पहिला बार केला, अगदी हळू.

माया अशीच खाली वाहत येऊ द्या.

तुमची शिवकन्या