बुजवलेल्या तळ्याचा दावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त जीवशास्त्र प्राध्यापिका, ही माझी अखेरची इच्छा पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. मी संतापलेली आहे. पण संतापाने शुद्ध हरपत नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे.

कलम १. राहते घर व ठेवी मुलीला. अंगणातले शेवाळ तिने घासून काढू नये. तेही घरातलेच आहे.

कलम २. माझे सूक्ष्मदर्शक यंत्र प्रयोगशाळेच्या मावशींना. एकतीस वर्षे मी विद्यार्थ्यांना महाविद्यालयामागच्या तळ्याकाठी आधी दहा मिनिटे गप्प बसवले. स्वतःचा श्वास नीट ऐकू आला, की मगच पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा. त्या थेंबातही कुणी श्वास घेते आहे, एवढेच मला शिकवायचे होते. आताचे प्राचार्य तेव्हा माझे सहकारी. म्हणायचे, "बाई, हा तास आहे की मठ?" मावशी मात्र झाडू टेकवून मुलांमागे बसायच्या. एकदा काचेतून बघून दचकल्या. "अहो बाई, हे तर धावतंय! आणि मी रोज यात फिनेलचं पाणी ओतते?" त्यानंतर त्यांनी तिथे बादली कधीच रिकामी केली नाही.

कलम ३. प्राचार्यांना काहीही नाही. मी निवृत्त होताच त्यांनी तळे मुरमाने बुजवले, आणि वर काय बांधले? वातानुकूलित ध्यानकक्ष! तिथे यंत्रातून बेडकांचा आवाज सोडतात. खरे बेडूक मी आणि मावशींनी बादल्यांतून जुन्या दगडखाणीतल्या पाण्यात नेले; निम्मे वाटेतच मेले. उद्घाटनाला मला बोलावून म्हणतात, "ही तर तुमचीच कल्पना!" त्या कक्षाला माझे नाव दिल्यास मुलीने ते उतरवावे.

कलम ४. तळ्याबद्दल मी कोर्टात दावा लावला आहे. महाविद्यालय म्हणते, तिथे तळे नव्हतेच, डबके होते. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्यामागे मला हे नाही झेपायचं." तिला दोष नाही. पण मागच्या आठवड्यात तळे बुजवणारा कंत्राटदार आला. माझाच विद्यार्थी. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"बाई, तळं किती खोल होतं ते मलाच ठाऊक आहे. एकशे चाळीस ट्रक लागले. मी कोर्टात सांगतो."

मी त्याला क्षमा केलेली नाही. दाव्याचे सगळे कागद त्याला द्यावेत.

साक्षीदार :
१. शेजारचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)

लिहून ठेवणार : बाई (सही)
स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ मार्च २०२४