टाकीबाहेरचं बेअरिंग

४ फेब्रुवारी २००६
नागपूरला ऑक्सिजनच्या टाकीत पहिल्यांदा बसलो. एक तास. खरा खर्च असा: पहाटेची गाडी, दिवसभर दुकानाचं शटर खाली, ऐन गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत लोकांच्या मोटारी वायंडिंगविना पडून, बायकोची, सुनंदाची, अंगणवाडीची सुट्टी. आत ठिणगीची भीती, म्हणून डोक्याले तेल चालत नाही, टेरिकॉट चालत नाही. तिनं जुन्या लुगड्याचा पायजमा शिवून दिला.
गेल्या सोमवारी झोपून उठलो तर उजवा कान गेलेला. दुखलं नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "लवकर आलात. ऑक्सिजननं ऐकू येईलही, नाहीही."

६ फेब्रु.
टाकी म्हणजे बॉयलरच. आत बाकडं, तोंडाले मास्क. हवा दाबली की दोन्ही कान ठणकतात. उजवा ऐकत नाही, पण दुखतो बरोबर.

७ फेब्रु.
टाकीहून संध्याकाळी घरी. पुलगावकडून जुनं गिऱ्हाईक वामनरावांचा फोन. नेहमीसारखा त्यांनी मोबाइल मोटारीजवळ धरला. "ऐका भाऊ, काय म्हणते?"
सवयीनं उजव्याले लावला. मग डाव्याले. डाव्यानं सगळ्या मोटारी सारख्याच.
म्हटलं, दुकानात आणून टाका.
"आजवर फोनवरच सांगत आले, अन् आता आणा म्हणून राह्यले? बुढे झाले काय, भाऊ?"
हसलो.

१० फेब्रु.
आलं! टाकीत बसलो असताना उजवीकडून बारीक घरघर. कोरडं बेअरिंग. कॉम्प्रेसर त्याच भिंतीमागं आहे.
बाहेर आल्या आल्या टाकी चालवणाऱ्या रहीमभाईले सांगितलं, "बेअरिंग चाललं तुमचं. महिना नाई काढत."
"काका, मुझे तो कुछ सुनाई नहीं देता."
"तुले नाई येणार. हा कान जिल्ह्यात एकच आहे."
स्टँडवर सुनंदाले सांगितलं. तिनं तिथंच चपला काढून हात जोडले. कोणाले, विचारलं नाही.

११ फेब्रु.
आज टाकीत बसायच्या आधीपासूनच घरघर. जास्त स्पष्ट. मशीन गरम असेल. कानाची तपासणी सोमवारी.

१३ फेब्रु.
रहीमभाईनं मिस्त्री बोलावून कॉम्प्रेसर खोलवला. बेअरिंग गेल्या महिन्यातच बदललेलं. ग्रीस ताजं. "मक्खन है, काका." सगळे हसले. मीही. म्हटलं, मग पुली असेल.
पुलीही पाहिली त्यानं.
तपासणीवाल्या बाई रजेवर. आता परवा.
सुनंदाले एवढंच सांगितलं, बाई नव्हत्या.

१४ फेब्रु.
टाकीले सुट्टी. दुकान उघडलं. वामनरावांची मोटार येऊन पडली आहे, हात लावला नाही.
दुपारी लोडशेडिंग. पंखा बंद झाला, शेजारची चक्की बंद झाली. सुनंदा डबा घेऊन आली होती, ओट्यावर टेकली. "लाइन गेली की कसं शांत वाटते, नाही?"
हो म्हटलं.
उजवीकडं घरघर चालूच होती.