खळग्यातली खडी

मी, मृणालिनी सदानंद खाडिलकर, वय ६२, राहणार रोल्ला, शारजा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वहस्ते लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. मागाहून कोणी मनचं सांगू नये म्हणून. प्रत्येक पानावर साक्षीदारांची सही आहे. सही नसलेलं पान माझं समजू नये.

१. पुण्यातील कर्वेनगरचा फ्लॅट माझी धाकटी बहीण ममता हिला द्यावा. पुतण्या सुजीत याचा त्यावर हक्क नाही.

२. कारण लिहून ठेवते. धैद गावापलीकडे आमच्या नर्सरीच्या माळावर एक तुकडा मी १९९२ साली, जमिनीच्या मालकांना, अरबाबांना, विचारून, कुंपण घालून उंटांपासून राखला. पाऊस सगळीकडे सारखाच. तरी उंचवट्यावरच्या खडीत रिम्तची झुडपं आणि खळग्यात साठलेल्या वाळूत थुमाम गवत. कोणी कुठे राहायचं ते जमीन ठरवते, हे मी तिथे शिकले.

१९९९च्या उन्हाळ्यात मी भारतात गेले होते. परतले तर उंचवटा गायब. नर्सरीचा मॅनेजर सुजीत. त्याला तिथे लॉन लावून विकायचं होतं.

“डोझर फिरवलास का रे?”

“नाही हो काकू! शमालचा वारा सुटला होता, सगळी रेती हलली.”

हिवाळी पावसानंतर खळग्यात थुमाम आलं नाही, रिम्त आलं. वारा वाळू नेतो. तो खडी ढकलून खळगा भरत नाही; ते डोझरचं काम. सुजीतला तिथे नेऊन उभं केलं. “खलास काकू, झाडंच आहेत ना शेवटी,” म्हणाला. कबुली आजतागायत नाही.

३. माती काढायचं गिरमिट, चाळण्या आणि वाळवलेल्या नमुन्यांचं कपाट सुजीतची बायको शुभ्रा हिला. ती वनस्पतिशास्त्र शिकली आहे. किल्ली शेजारच्या रफिकभाईंकडे आहे; ती शुभ्राच्याच हातात द्यावी.

४. माझं ऑपरेशन झाल्यापासून सुजीत रोज डबा आणतो. मऊ भात, मेतकूट. माझ्यासाठी येतो की फ्लॅटसाठी, ठरवता येईना. म्हणून गुरुवारी त्याला पहिलं कलम वाचून दाखवलं. तो रिकामा डबा उचलून गेला.

शुक्रवारी मी दाराकडे कान लावून बसले होते. बेल वाजली.

“काकू, आज भात जरा जास्तच शिजलाय.”

शनिवारीही आला.

पहिलं कलम बदललेलं नाही. माझ्या देहाला अग्नी मात्र सुजीतनेच द्यावा.

सही: मृणालिनी स. खाडिलकर
साक्षीदार: रफिक मुकादम (शेजारी), रुपाली देवस्थळी (मैत्रीण)
शारजा, रविवार, १६ मार्च २००३