कुरतडल्याची खूण

प्रिय धाकट्या,

दुकान जोरात चाललंय ना? तुझ्या गुडघेदुखीच्या चूर्णाची जाहिरात परवा बसच्या पाठीवर पाहिली. त्यात आईचा हसरा फोटो आहे. छान आलाय.

आईचं एक मूत्रपिंड काढलं, तरी गाठ पुन्हा डोकावलीच. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनीच हे झालं म्हणून तू डॉक्टरांशी भांडलास आणि सगळ्या मावश्या-काकांकडून शाबासकी मिळवलीस. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. ताई नुसती अक्षरं मोजते, अशी तू माझी टिंगल करायचास. तीच मोजत होते.

तुला समजेल असं सांगते. जनुकांतली अक्षरं बिघडत गेली की कॅन्सर होतो, आणि बिघडवणारा प्रत्येक जण आपली खूण मागे ठेवतो. कपाटातलं कापड उंदराने कुरतडलंय की कसरीने खाल्लंय, हे आई नुसती भोकं बघून सांगायची, तसंच. एका गाठीत असे हजारो बिघाड एकमेकांत मिसळलेले असतात. आमच्या प्रयोगशाळेतला प्रोग्रॅम ते निवडून वेगळे करतो आणि कोणाचा वाटा किती ते दाखवतो. आईच्या गाठीत वयाचा वाटा थोडाच निघाला. बाकी सगळी करणी एका मुळीची. आई इतकी वर्षं घेतेय त्या तुझ्या डब्यातलं चिमूटभर चूर्ण तपासून घेतलं, त्यात तीच मुळी आहे.

खरं सांगू? पडद्यावर तो आलेख उभा राहिला तेव्हा मला आधी आनंद झाला. रडू नंतर आलं. लहानपणापासून तुझ्या प्रत्येक चुकीवर आईने पांघरूण घातलं. ही तरी तिला झाकता येणार नाही, असं वाटलं होतं.

तिला सांगितलं. तिने मला शपथ घातली, तुला यातलं काही कळू द्यायचं नाही. अजूनही दर रविवारी तू चूर्णाचा डबा घेऊन येतोस आणि ती तुझ्यासमोर चमचाभर चूर्ण गिळून गुण येतोय म्हणते. तुला संशय येऊ नये म्हणून. तू गेल्यावर मी ओकून टाकायला भांडं पुढे केलं, तर तिने ते ढकलून दिलं.

म्हणून शपथ मोडतेय. औषध खात्याच्या अधिकाऱ्यांना मी कळवलंय, सोमवारी ते तुझ्या दुकानावर येतील. त्याआधीचा रविवार तेवढा तुझा. डबा आणलास तर ती गिळेल. रिकाम्या हाताने आलास तर तुला सगळं कळलंय, हे तिला कळेल. डब्यात पीठ भरून आणावं म्हणशील, तर तिची जीभ अजून शाबूत आहे.

तुझीच,
ताई