पात्राला आधी सांगायचं नसतं

देवरूख,
२ फेब्रुवारी

ती. मालनआत्यास,
वेदिकाचा शि. सा. न. वि. वि.

तू दिलेलं कुळथाचं पीठ संपलं आणि त्याच आठवड्यात माझी अब्रूही संपली. आम्हाला कॉलेजात स्वतःची लघुकथा लिहून द्यायची होती, वीस मार्कांची. मी तुझ्यावर आणि शेजारच्या गोदूकाकीवर लिहिली. दोन बायका, एक अंगण. संध्याकाळी पडवीत बसून चहा पितात, वालाच्या शेंगा सोलतात, आपापल्या घरी जाऊन झोपतात. मला फार आवडली होती गं. सरांनी लाल शाईने शेरा मारला, की पात्रे जिवंत आहेत, पण ती फक्त चहा पितात, संघर्ष कुठे आहे? वर भर वर्गात वाचूनही दाखवला. आता हॉस्टेलातल्या मुली मला चहावाली म्हणतात.

सरांचं म्हणणं असं, की कथेला कथानक हवं, म्हणजे एका गोष्टीतून दुसरी घडायला हवी. मग संघर्ष. तो वाढत वाढत उत्कर्षबिंदूला पोचला पाहिजे, आणि शेवटाकडे कलाटणी. वातावरण हवं, निवेदक कोण ते ठरलेलं हवं. आणि सगळ्यात मोठा नियम, पुढे काय होणार ते पात्राला आधी सांगायचं नसतं, नाहीतर ते नाटकी वागतं.

नवी कथा दहा मार्चला द्यायची आहे. तेव्हा वाडीतलं एखादं झणझणीत भांडण आठवून कळव. फोनला रेंज टेंबावर आणि तुझे गुडघे पायथ्याशी, म्हणून हा कागद. मार्क कमी पडले तरी माया कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
वेदिका

खालची वाडी, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
७ फेब्रुवारी

चि. वेदिकास,
मालनआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सरांना सांग, गोदूबरोबर चहा पिणं हाच मोठा संघर्ष आहे. ती चहात साखर घालते की साखरेत चहा, ते वाडीला अजून कळलेलं नाही.

भांडणं म्हणशील तर इथे ढिगाने. पण तू ती लिहिलीस की माणसं काठी घेऊन आपल्याच दारात येणार. आपलं स्वतःचं म्हणावं, तर गोदूशी एकतीस वर्षांत वाकडा शब्द नाही. तुला ठाऊकच आहे, शिमग्यात देवीची पालखी प्रत्येक घरी वेगळी टेकते, पण आपल्या दोन घरांत मिळून एकदाच, अंगणाच्या मधोमध. आम्ही दोघी एकाच सुपातून तिची ओटी भरतो. अख्ख्या गावात असं दुसरं अंगण नाही.

तर मी म्हणते, भांडण नसेल तर करू या. पंधरा तारखेला, रविवारी, देवळात शिमग्याची बैठक आहे. मी उभी राहून सांगणार, की यंदा पालखी माझ्या दारात वेगळी आणि आधी बसवा. गोदू चिडेल, मी चिडेन, तू लिहून घे. मग मी तिला खरं काय ते सांगेन आणि दोघी पोट धरून हसू. आत्ता मात्र तिला अवाक्षर बोललेली नाही, तुझा नियमच आहे ना तसा. वीस मार्क म्हणजे काय खायचं काम आहे?

लोभ आहे, तो वाढवायचं काम तुझं.

तुझी,
मालनआत्या

देवरूख,
१२ फेब्रुवारी

ती. मालनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आणि माझी जयगडची मैत्रीण इरम इतक्या हसलो, की वॉर्डनबाई वर आल्या. इरम म्हणते, तुझ्या आत्याला आमच्या कॉलेजात प्राध्यापक करा.

खरं तर मी नको म्हणायला हवं. काकी साधी आहे, तुझ्यासारखी बेरकी नाही. पण आत्या, मार्कांचा लोभ वाईट! एकच सांगते, फार ताणू नकोस. आणि बैठकीत वातावरण कसं होतं ते नीट बघून ठेव, वातावरणाला चार मार्क आहेत.

तुझ्या पराक्रमाची वाट बघणारी,
वेदिका

खालची वाडी,
१८ फेब्रुवारी

चि. वेदिकास,
अनेक आशीर्वाद.

वातावरण आधी घे. देवळातला पंखा बंद, बाहेरून काजूच्या मोहराचा वास, भागोजी गावकर मध्ये बसलेला आणि त्याला जांभया. हे चार मार्क झाले. पुढचं लिहायला हात होत नाही गो.

मी उठून ठरल्याप्रमाणे बोलले. गोदूला वाटलं मी थट्टा करते, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. आता ती हसली तर संघर्ष वाढणार कसा? मला तर उत्कर्षबिंदू गाठायचा होता. तेव्हा मी म्हटलं, की ज्या दारात पोटचा मुलगा चार वर्षं शिमग्याला फिरकला नाही, त्या दारात देवी तरी कशाला थांबेल.

भागोजीची जांभई अर्ध्यातच राहिली. गोदू उठली आणि चपला न घालताच घरी गेली.

मला वाटलं, संध्याकाळी येईल चहाला, तेव्हा सांगू. नाही आली. आज तिसरा दिवस. अंगणाकडचं दार लावून घेतलंय, मागच्या दाराने ये-जा करते. काल टेंबावर चढून तिने चिपळूणला मुलाला, विनोदला फोन केला, की मला कायमची घेऊन जा. तो किती वर्षं बोलावतोय, आणि ही म्हणायची, इथे माझी मालन आहे.

वेदिका, ती गेली तर मी या अंगणात कोणाशी बोलू? तुझ्या पुस्तकात यापुढे काय लिहिलंय ते ताबडतोब कळव.

तुझी,
मालनआत्या

देवरूख,
२१ फेब्रुवारी

ती. मालनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकात यापुढे काहीच लिहिलेलं नाही. कथा गेली खड्ड्यात. तू आत्ताच्या आत्ता काकीकडे जा, मागच्या दाराने जा, आणि सगळं सांग. माझ्या नावाने खडे फोड हवं तर, नियम मीच कळवला होता आणि हसलेही मीच. मी शनिवारी येणार होते, पण परीक्षेमुळे हॉस्टेल सोडत नाहीत. सोबत काकीसाठी माफीची चिठ्ठी आहे, ती तिच्या हातात दे.

दोघींवर सारखाच जीव असलेली,
वेदिका

खालची वाडी,
२७ फेब्रुवारी

चि. वेदिकास,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. तुझी चिठ्ठीही दिली. गोदूने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, भांडण खोटं होतं हे मानते, पण ते शब्द तुला सुचले कुठून?

मी तशीच उठून घरी आले. उत्तर तुला देते. दर शिमग्याला ती रस्त्याकडे डोळे लावून बसायची ते मी बघत होते. मला विनोदचा राग यायचा. पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरंही वाटायचं. तो येत नाही म्हणून तर ती माझ्या पडवीत आहे, असं वाटायचं. लाज वाटते हे लिहायला. मी वाईट बाई आहे गो.

सहा तारखेला पालखी आपल्या वाडीत येते, त्याच दिवशी विनोद जीप घेऊन येणार आहे. गोदूची ट्रंक भरून झाली. ही गोष्ट लिहू नकोस.

तुझी,
मालनआत्या

खालची वाडी,
८ मार्च

चि. वेदिका बायस,
गोदूकाकीचे आशीर्वाद.

माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं, सांभाळून घे. तुझी चिठ्ठी पोचली. तुझ्यावर माझा राग नाही. थोडा होता, तो जिरला.

सहा तारखेला पालखी आली. तुझी आत्या सूप घेऊन सगळ्यांच्या आडवी उभी राहिली नि म्हणाली, की पालखी आधी गोदूच्या दारात बसेल, मी बैठकीत बोलले ते वेदिकाच्या गोष्टीसाठी. झालं! लोक देवी विसरले नि जो तो विचारायला लागला, की गोष्टीत आमचं नाव आहे काय. भागोजीला तर वाटतं तोच नायक. तेवढ्यात विनोद जीपमधून उतरला, तर पोरांनी त्याच्याच खांद्यावर पालखी दिली. चार वर्षांनी नाचवली त्याने. मी डोळे भरून बघितलं.

पण चारचौघांत माफी मागणं सोपं असतं. रात्री मी तिच्या पडवीत गेले नि म्हटलं, आता मनातलं खरं बोल. तुला लिहिलं होतं ते सगळं तिने मला सांगितलं. मी पण सांगितलं, की तू बोललीस ते खरं होतं म्हणूनच लागलं, खोटं असतं तर मी हसले असते. मग एकतीस वर्षांत तिने काय काय केलं ते मी मोजायला घेतलं, कोयती नेऊन परत दिली नाही तिथपासून. ती लिहील की मी रडले. त्या निवेदकावर विश्वास ठेवू नकोस. रडली ती.

गोष्ट खुशाल लिही. माझं नाव बदलू नकोस. काकीवर माया ठेव, मार्क कितीही पडोत.

तुझी,
गोदूकाकी

ता. क. विनोद आज सकाळी एकटाच चिपळूणला गेला. ट्रंक भरून ठेवलीस नि येत का नाहीस म्हणून विचारत होता. सांगितलं त्याला, मालनशी भांडण अजून अर्धंच झालंय.